आवंढा

डल्सीच्या गळ्यातली गाठ आमच्या लग्नाहून जुनी,
शाळेत असल्यापासूनची. ह्युऑनच्या खोऱ्यात
अशा गाठी सफरचंदांइतक्याच सर्रास.
कुणी स्कार्फ बांधे, कुणी बांधत नसे.
आमच्या मातीत आयोडीन नाही म्हणे,
म्हणून सरकारनं गेल्या वर्षी ते पावात घातलं.
पाव तोच, चव तीच, कडा तशीच खरपूस.
गाठीनं मात्र हिशेब वेगळा मांडला:
जन्मभर अर्धपोटी राहिलेल्यासमोर
अचानक पंगत वाढावी, तशी ती सुटली.

भर हिवाळ्यात डल्सी खिडक्या उघड्या टाकून झोपू लागली.
जेवायची माझ्या दुप्पट,
आणि स्कर्टला महिन्याकाठी एक नवी टाचणी.
हातातला कप बशीवर किणकिणत राही,
त्या आवाजावरून मला कळे ती घरात कुठे आहे.
एकदा मी नुसतं "मीठ दे" म्हणालो,
तर तिनं मीठदाणी भिंतीवर भिरकावली,
मग जमिनीवर बसून
कण कण वेचत रडली.
रात्री तिच्या पाठीला कान लावला:
आत जिन्यावरून
सफरचंदांची पेटी सांडत होती, सांडतच होती.

डॉक्टर पिअर्सॉलनी गोळ्या दिल्या. कार्बिमाझोल. दिवसातून तीनदा.
खाकी पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं:
घसा दुखला, ताप आला,
तर गोळी तिथेच थांबव. त्याच दिवशी ये. उद्या नाही.
"उद्या नाही"खाली दोन रेघा.
बाटली खिडकीत राहिली.
पाकीट मी ड्रॉवरमध्ये टाकलं, दोऱ्याच्या रिळांशेजारी.

नाताळपर्यंत कप गप्प झाला.
जानेवारीत दोन टाचण्या निघाल्या.
मी मनात म्हटलं, सुटलो.

मग फेब्रुवारीतला तो मंगळवार.
डोंगर उतरून आग आली,
भरदुपारी कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या.
आमची वरच्या अंगाची चाळीस झाडं गेली,
रंडलचं घर गेलं, आणि रंडलही.
त्यानंतर आठवडाभर खोऱ्यात एकही घसा धड नव्हता.
पाद्री खोकत, पोरं खोकत, गाई खोकत.
शुक्रवारी डल्सी म्हणाली,
आवंढा गिळताना काच गिळल्यासारखं होतंय.
मी म्हणालो, धूर.
शनिवारी म्हणाली, अंगात कणकण आहे.
मी म्हणालो, रात्रभर ओल्या पोत्यांनी आग झोडपलीस,
अंग बोलणारच.
गोळ्या मीच दिल्या. वेळेवर, कोमट पाण्याबरोबर.
शुक्रवारी तीन.
शनिवारी तीन.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी रंडलच्या दफनासाठी
कोटाचं बटण शिवायचं होतं.
काळा दोरा शोधताना हाताला पाकीट लागलं.

होबार्टच्या रस्त्यावर जळके खांब आडवे,
तारा लोंबणाऱ्या.
डल्सी शेजारी डोकं काचेला टेकून,
तोंड उघडलं की आत पांढरे चट्टे.
तिथल्या तरुण डॉक्टरनं रक्त काचपट्टीवर घेतलं,
सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिला, मग म्हणाला,
पांढऱ्या पेशी मोजायला बसलो,
पण मोजायला जवळजवळ काही नाहीच.
कारण विचारलं नाही मी. विचारायची गरज नव्हती.

नऊ दिवस ती काचेपलीकडे. पेनिसिलिन,
मास्क लावलेली माणसं.
एक नर्स रोज पाटीवर आकडा लिहून काचेला लावी.
पाचव्या दिवशीही तो इतका लहान होता
की तिनं पाटी उलटीच धरली.
इकडे सफरचंदं पिकली, आपोआप पडली,
मी एकही उचललं नाही.
आठव्या दिवशी आकडा वाढला.
नर्सनं तो दोनदा गिरवला.

ती गोळी जन्माची बंद.
म्हणजे पुन्हा काळीज, पुन्हा जिना,
पुन्हा किणकिण. शेवटी सुरी.
आता गळ्यावर आडवी रेघ आहे, खालच्या बाजूला;
तिच्यावर ती स्कार्फ बांधत नाही.

आणि रोज पहाटे, डोळे उघडायच्या आधी,
डल्सी एक आवंढा गिळते.
सावकाश. ऐकत.
मीही ऐकतो, श्वास धरून, पाठमोरा.
मग ती म्हणते, "काही नाही, क्लेम. चहा टाक."